चाई आणि कंठातली ग्रंथी

डोक्यावरच्या दाट केसांत एके दिवशी रुपयाएवढी, गुळगुळीत, न दुखणारी आणि बहुधा न खाजणारी जागा उघडी पडते, आणि तिची पहिली वार्ता पुष्कळदा रोग्याला स्वतःला नसतेच. ती देतो केस कापणारा न्हावी, किंवा सुट्टीच्या दिवशी मुलीची वेणी घालायला बसलेली तिची आई. आपल्याकडे या विकाराला पिढ्यान्‌पिढ्या चाई म्हणत आले आहेत आणि केस खाणारा एखादा किडा त्या जागी लागला आहे, ही समजूतही तितकीच जुनी आहे. वस्तुतः तेथे किडा नसतो, नायट्यासारखी बुरशी नसते, अस्वच्छतेचा त्याच्याशी काही संबंध नसतो आणि एकाच्या कंगव्याने दुसऱ्याला तो जडतही नाही. शंभर माणसांतल्या सुमारे दोघांना आयुष्यात केव्हा ना केव्हा चाई पडते. त्यांत स्त्री-पुरुष दोघेही असतात आणि बहुसंख्यांची सुरुवात चाळिशीच्या आत होते. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत १९८३ ते १९९३ या दशकात तपासलेल्या ८०८ रोग्यांचा जो वृत्तान्त १९९६ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हेच चित्र दिसून आले.

अलीकडे मात्र या रोग्यांच्या तपासणीला एक नवे कलम जोडले गेले आहे. त्वचारोगतज्ज्ञ डोके पाहतात, नखे पाहतात, आणि मग अनपेक्षितपणे विचारतात की, घरात कुणाला थायरॉइड आहे का? पुष्कळदा ते रोग्याला घोट गिळायला सांगून गळा चाचपतात आणि चिठ्ठीवर टीएसएच व अँटी-टीपीओ अशा दोन तपासण्या लिहून देतात. डोक्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची गळ्याच्या तपासासाठी रवानगी झाली म्हणजे तो गोंधळतो, आणि अहवालात अँटी-टीपीओचा आकडा जाड ठशात छापून आला म्हणजे तो घाबरतो. ‘थायरॉइड निघाला, म्हणून केस गेले’ असे घरात ठरते. शेजारीपाजारी त्याला दुजोरा देतात. आणि थायरॉइडची गोळी सुरू केली की केस परत येतील, अशी एक आशा मनात घर करून बसते. ही आशा बहुतेक वेळा फोल ठरते. तिच्यामागे जो संबंध गृहीत धरलेला असतो, तो खरा आहे, परंतु त्याचे स्वरूप आपण समजतो त्याहून निराळे आहे. ते काय आहे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

वरळीच्या रहिवाशाला या विषयाची जुनी आणि नवी अशी दोन्ही अंगे आपल्याच परिसरात पाहता येतात. डॉ. ॲनी बेझंट मार्गावर १९४१ साली स्थापन झालेले रा. आ. पोदार आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. तेथून परळकडे वळले म्हणजे १९२६ पासून सबंध महाराष्ट्राच्या दुखण्याखुपण्याचा भार वाहणारे के. ई. एम. रुग्णालय लागते, आणि त्याच परळात, टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात, अणुऊर्जा खात्याने १९६३ साली उभारलेले रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, जेथे किरणोत्सर्गी आयोडिनाच्या साह्याने थायरॉइडच्या रोग्यांची परीक्षा आणि चिकित्सा गेली सहा दशके चालत आली आहे. बी. डी. डी. चाळींतून, कोळीवाड्यातून आणि आता त्यांच्या शेजारी उठलेल्या उंच मनोऱ्यांतून निघणारा रोगी या तिन्ही वाटांनी जातो, आणि पुष्कळदा एकाच वर्षात तिन्हींनी जातो.

आयुर्वेदात या व्याधीचे नाव इंद्रलुप्त. सुश्रुताने निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणात तिचे वर्णन केले आहे. वाताशी मिळालेले पित्त रोमकूपात शिरून केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ त्या रोमकूपांची तोंडे बुजवतो, म्हणून तेथे दुसरे केस उगवत नाहीत, असा त्या वर्णनाचा आशय आहे. दोषांच्या या परिभाषेत आजचे शरीरशास्त्र शोधू जाणे मला प्रशस्त वाटत नाही. परंतु त्यामागचे निरीक्षण किती सूक्ष्म आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. केस पडणे ही एक घटना आणि नवा केस अडून राहणे ही दुसरी, असे दोन टप्पे त्या शल्यवैद्याने वेगळे ओळखले होते आणि रोमकूप बुजला असे तो म्हणतो, नष्ट झाला असे म्हणत नाही. आजचे शास्त्रही याच निष्कर्षाला आले आहे. भाजल्यावर किंवा काही अन्य रोगांत केसाचे मूळ कायमचे जळून जाते आणि तेथे व्रण उरतो. चाईत मूळ जिवंत राहते, केवळ त्याचे काम बंद पडते, आणि म्हणूनच पाच-दहा वर्षांनंतरही तेथे केस उगवल्याची उदाहरणे आढळतात.

चाईची कड भिंगाखाली पाहिली तर हे सारे नाट्य उलगडते. मधला भाग हस्तिदंतासारखा तुळतुळीत असतो. त्यावर रोमकूपांची पिवळसर टिंबे आणि जेथे केस त्वचेच्या पृष्ठाशीच तुटला तेथे काळी टिंबे दिसतात. आणि कडेला दोन-चार मिलिमीटर लांबीचे असे आखूड केस उभे असतात की, ज्यांचे वरचे टोक जाड आणि बुंधा निमुळता होत गेलेला असतो. उद्गारचिन्हासारखे केस असे वैद्यक त्यांना म्हणते, आणि ते दिसले म्हणजे निदानाविषयी फारशी शंका उरत नाही. बुंधा निमुळता होतो, कारण वाढीच्या भरात असतानाच मुळावर आघात होऊन केसाची घडण मध्येच खुंटते. या आघाताची आणखी एक विलक्षण खूण अशी की, तो प्रथम काळ्या केसांवर होतो आणि पांढऱ्या केसांना बहुधा वगळतो. मोठ्या दुःखाने एका रात्रीत केस पांढरे झाल्याच्या ज्या कथा आपण ऐकतो, त्यांचा उलगडा पुष्कळ वैद्य असाच करतात की, मिश्र केसांच्या माणसाला अकस्मात चाई पसरली, काळे तेवढे झडले आणि पांढरे मागे उरले. काही रोग्यांच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारख्या बारीक खळग्या असतात, म्हणून जाणता वैद्य डोक्याबरोबर हातही पुढे करायला सांगतो.

हा आघात करतो कोण? शरीराचे रक्षण ज्यांच्याकडे सोपवले आहे, त्या रक्तातल्या लसिकापेशीच. विषाणू शिरलेली पेशी ओळखून तिचा नाश करणे हे त्यांच्यातल्या एका जातीचे नेमून दिलेले काम. या पेशींना वैद्यक टी-पेशी म्हणते. वाढीच्या अवस्थेतला केसाचा कंद हा शरीरातला असा एक भाग आहे की, जो आपली ओळख पटवणारी रेणुचिन्हे झाकून ठेवतो आणि त्यामुळे या पेशींच्या नजरेबाहेर राहतो. काही कारणाने हे आच्छादन दूर झाले, म्हणजे टी-पेशी केसाच्या कंदाभोवती गर्दी करतात, इंटरफेरॉन-गॅमा नावाचे रसायन स्रवते, त्याने आच्छादन आणखीच विरते आणि हल्ला वाढतो. आच्छादन मुळात का दूर होते, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. परंतु २०१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँजेला क्रिस्टियानो आणि त्यांचे सहकारी यांनी हजाराहून अधिक रोग्यांच्या जनुकांची पाहणी करून काही ठिकाणे निश्चित केली आणि त्यांतली कित्येक ठिकाणे अन्य आत्मप्रतिकारक रोगांतही दोषी म्हणून आधीच नोंदलेली होती. क्रिस्टियानो यांना स्वतःलाही चाईचा विकार झालेला होता, आणि त्यातूनच त्या या संशोधनाकडे वळल्या.

आता गळ्याकडे वळू. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून, दोन पाळ्यांची एक लहानशी ग्रंथी असते. अन्नातले आयोडीन ओढून घेऊन ती थायरॉक्सिन तयार करते, आणि शरीरातला उष्मा, हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, पाळीचे चक्र, मुलांची वाढ या साऱ्यांवर त्या द्रव्याचा अंमल चालतो. ते कमी पडले म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी टीएसएच नावाच्या स्रावाने तिच्याकडे तगादा लावते. म्हणूनच टीएसएच वाढलेले दिसले, तर थायरॉइड मागे पडत आहे असे समजतात. जपानातल्या फुकुओकाचे शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या गळ्यातून काढलेल्या ग्रंथींचे सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या ग्रंथी लसिकापेशींनी गच्च भरलेल्या होत्या. त्या तेथे कशासाठी जमल्या, हे कोडे पुढे ४४ वर्षे सुटले नाही; कारण शरीर आपल्याच अवयवाविरुद्ध उठेल ही कल्पनाच तेव्हाच्या वैद्यकाला मान्य नव्हती. १९५६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात आयव्हन रॉइट आणि डेबोरा डोनियाक यांना आपल्या सहकाऱ्यांसह अशा रोग्यांच्या रक्तात त्यांच्याच थायरॉइडच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांमध्ये हा रोग प्रयोगाने निर्माण करून दाखवला. थायरॉक्सिन घडवणाऱ्या थायरॉइड पेरॉक्सिडेज या विकराविरुद्धचे प्रतिपिंड म्हणजे आज अहवालात दिसणारे अँटी-टीपीओ.

चाईच्या रोग्यांत थायरॉइडचे विकार किती आढळतात, याविषयी निरनिराळ्या देशांतून आलेले आकडे ८ टक्क्यांपासून २८ टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. लुधियाना येथे तपासलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ७१ रोग्यांच्या पाहणीत १३ जणांना, म्हणजे १८.३ टक्क्यांना, तसा विकार होता. हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे, कारण तुलनेसाठी ज्या सामान्य जनतेकडे पाहायचे, तिच्यातही हा विकार काही दुर्मीळ नाही. मुंबई आणि गोवा यांसह भारतातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची जी पाहणी झाली आणि २०१३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइडची मंदता आणि जवळजवळ २२ टक्के लोकांत अँटी-टीपीओ आढळले. म्हणजे कोणत्याही कारणाने पाच जणांचे रक्त तपासा, त्यांतल्या एकाच्या अहवालात ही प्रतिपिंडे निघण्याचा संभव आहेच. समुद्रकाठी राहणाऱ्या, मासळी खाणाऱ्या माणसाला थायरॉइड होत नाही, ही आपल्याकडची एक लाडकी समजूत. त्या पाहणीत किनाऱ्यावरच्या शहरांत मंदतेचे प्रमाण ९.५ टक्के आणि आतल्या शहरांत ११.७ टक्के होते. फरक आहे, पण अभय मिळावे इतका तो खचित नाही.

असे असले तरी चाईच्या रोग्यांना त्याच वयाच्या निरोगी लोकांशेजारी ठेवून केलेल्या पाहण्यांत प्रतिपिंडे चाईच्या बाजूला अधिक निघतात, हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. आणि प्रतिपिंडांचे आधिक्य जितके ठळक, तितके ग्रंथीच्या प्रत्यक्ष बिघाडाचे आधिक्य ठळक नसते, हेही त्याच पाहण्या सांगतात. तेव्हा संबंध आहे. परंतु तो कार्यकारणाचा आहे का?

येथे इस्रायलमधल्या हैफा येथे आमोस गिल्हार यांनी केलेले दोन प्रयोग निर्णायक वाटतात. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांवर मानवी शिरत्वचेचे लहान तुकडे रुजवून त्यांना चाईच्या रोग्यांच्या रक्तातला द्रव, म्हणजे ज्यात प्रतिपिंडे असतात तो भाग, टोचला, तेव्हा त्या तुकड्यांवरच्या केसांची वाढ थांबली नाही; हा प्रयोग १९९२ सालचा. पुढे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोग्यांच्या चाई पडलेल्या त्वचेचे तुकडे उंदरांवर रुजवले, तेव्हा त्या रोग्याच्या शरीरापासून दूर गेलेल्या त्वचेवर केस उगवले, आणि मग त्याच रोग्याच्या त्वचेतून काढून वाढवलेल्या टी-पेशी तेथे सोडल्या, तेव्हा ते पुन्हा झडले. केस पाडणाऱ्या पेशी आहेत, प्रतिपिंडे नव्हेत. थायरॉइडच्या प्रतिपिंडांना तर केसाच्या मुळाशी करण्यासारखे काहीच काम नाही. हाशिमोतोच्या रोगात ग्रंथीचा नाशसुद्धा मुख्यत्वे पेशीच करतात आणि अँटी-टीपीओ त्या नाशाची खूण म्हणून रक्तात फिरत असते. कोर्टाच्या भाषेत बोलायचे, तर तिला साक्षीदार म्हणून बोलवावे, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. याला एक अपवाद सांगितला पाहिजे. ग्रेव्ह्जच्या रोगात टीएसएचच्या ग्राहकावर जाऊन बसणारे जे प्रतिपिंड असते, ते स्वतःच ग्रंथीला अहोरात्र कामाला जुंपते आणि थायरॉक्सिनचा अतिरेक घडवते. तेथे प्रतिपिंड हेच कर्ते असते, परंतु तेही केसाच्या मुळावर चाल करून जात नाही.

मग चाई आणि ही प्रतिपिंडे एकत्र का येतात? एकाच घराण्यातून आलेली म्हणून. स्वकीय आणि परकीय यांचा विवेक करणाऱ्या यंत्रणेतली काही जनुके, उदाहरणार्थ पेशींची ओळखचिन्हे ठरवणारी एचएलए या गटातली आणि लसिकापेशींना आवर घालणारे सीटीएलए-४, ही या दोन्ही रोगांत सामाईकपणे गोवलेली आहेत. कोड आणि लहानपणीचा मधुमेह यांच्याशीही त्यांचे असेच नाते आहे. म्हणूनच एका घरात आजीला कोड, आईला थायरॉइड आणि मुलीला चाई असा वारसा आढळतो आणि त्या घराला कुणाची दृष्ट लागलेली नसते. आजीचे कोड दडवून ठेवणाऱ्या कुटुंबात वैद्याला अर्धीच हकीकत कळते. ती मोकळेपणाने सांगितली, तर तपासणीचा निर्णय अधिक शहाणपणाने घेता येतो.

थायरॉइडच्या मंदतेने केस जातातच, परंतु ते अगदी निराळ्या रीतीने. संपूर्ण डोक्यावरचे केस विरळ, कोरडे, राठ होतात, कंगव्यात मूठभर येतात आणि भुवईचा बाहेरचा तिसरा भाग झडू लागतो. गोळीने टीएसएच ताळ्यावर आले, म्हणजे काही महिन्यांत ते सावरतात. चाईतले केस ठरावीक जागी, काठ आखून दिल्यासारखे जातात, आणि टीएसएच ताळ्यावर आणून ते परत येतील, याला आधार नाही. एकाच स्त्रीला दोन्ही असू शकतात, आणि तेव्हा गोळीने विरळपणा जातो पण चाई तशीच राहते. ती गोळीला दोष देते. खरे तर गोळीने आपले काम चोख केलेले असते.

अहवालातल्या आकड्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण बहुतेक भीती तेथेच जन्मते. अँटी-टीपीओची मर्यादा प्रयोगशाळेगणिक आणि यंत्रागणिक बदलते. एकीच्या कागदावर ती ३४ असेल, दुसरीच्या ६०, तिसरीच्या अवघी ९. सबब एका ठिकाणचे २०० आणि दुसऱ्या ठिकाणचे ३५० यांवरून रोग वाढला असे म्हणता येत नाही. आकडा शेकड्यांत आहे की हजारांत, यावर उपचार ठरत नाहीत. उपचार ठरतात ते टीएसएच आणि थायरॉक्सिन यांवर. टीएसएच बरोबर असताना केवळ प्रतिपिंडे निघाली, तर पुढे काय होते, याचे उत्तर इंग्लंडच्या ईशान्येस असलेल्या व्हिकम या गावाने दिले आहे. तेथील २,७७९ रहिवाशांची १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तपासणी करून २० वर्षांनी त्यांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा असे दिसले की, केवळ प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी शंभरात सुमारे दोघींना थायरॉइडची मंदता आली. ज्यांचे प्रतिपिंडांबरोबर टीएसएचही वाढलेले होते, त्यांच्यांत ते प्रमाण वर्षाला चारांहून थोडे अधिक पडले. म्हणजे बहुतेकींची ग्रंथी वर्षानुवर्षे काम करत राहते. वर्षातून एकदा टीएसएच पाहणे, आणि दिवस राहण्याचा विचार असेल तर त्याआधी व दिवस राहताच पाहणे, एवढा बंदोबस्त त्यांना पुरेसा असतो. प्रतिपिंडांचा आकडा पुन्हा पुन्हा मोजून घेण्यात पैशाखेरीज काही खर्ची पडत नाही, हे खरे. पण गिरणगावातल्या कुटुंबाला तो पैसाही जड असतो. प्रत्येक चाईच्या रोग्याची थायरॉइड तपासणी करावी की लक्षणे किंवा कौटुंबिक इतिहास असेल तरच करावी, यावर वैद्यांत मतभेद आहेत. माझ्या मते चाई विस्तृत असेल, रोगी मूल असेल, किंवा घरात थायरॉइड वा कोड असेल, तर टीएसएच जरूर पाहावे. तपासणी स्वस्त आहे आणि तिचा निष्कर्ष उपयोगी पडतो.

या तपासणीत एक खोट शिरते आणि ती केस गळणाऱ्या माणसाच्याच रक्तात विशेषेकरून शिरते, म्हणून तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. केसांसाठी म्हणून औषधांच्या दुकानात ज्या गोळ्या मागितल्या जातात, त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व ५ किंवा १० मिलिग्रॅम असते, आणि शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या काही सहस्रांश, इतकीच असते. आता थायरॉइडच्या पुष्कळ तपासण्या बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या दोन द्रव्यांच्या घट्ट मिलाफावर बेतलेल्या असतात. रक्तातच बायोटिन भरपूर असले, तर ते या मिलाफात आडवे येते, आणि त्यामुळे टीएसएच खोटेच कमी व थायरॉक्सिन खोटेच जास्त दिसू शकते. म्हणजे धडधाकट माणसाचा अहवाल ग्रेव्ह्जच्या रोग्यासारखा येतो, आणि ज्याची थायरॉइड खरोखर मंद आहे, त्याची मंदता झाकली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी जाहीर इशारा दिला. रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी आणि ती घेत असल्याचे वैद्याला व प्रयोगशाळेला सांगावे. आपल्याकडे ‘ते काय, साधे व्हिटॅमिन’ म्हणून ती सांगण्याजोगी गोष्ट मानलीच जात नाही. तसेच, ज्यांना थायरॉक्सिनची गोळी खरोखरच सुरू झाली आहे, त्यांनी ती सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेऊन चहा अर्धा ते एक तास लांबवावा आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. उठल्याबरोबर चहाशिवाय ज्यांचे पान हालत नाही, अशा मुंबईकरांत गोळीचा गुण न येण्याचे कारण पुष्कळदा त्या पहिल्या कपातच असते.

हा रोग जिवावर बेतत नाही, म्हणून त्याला क्षुल्लक म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते. नारळी पौर्णिमेच्या दिवशी वरळी कोळीवाड्यातून निघणारी मिरवणूक ज्याने पाहिली आहे, अंबाड्याभोवती अबोलीच्या आणि मोगऱ्याच्या वेण्या माळून चालणाऱ्या कोळिणी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला केस ही आपल्या समाजात किती बोलकी वस्तू आहे, हे सांगण्याची गरज नाही. स्त्रीच्या केशहीन मस्तकाला तर आपण शिक्षेचा अर्थ दिलेला होता. १८९० साली याच मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा ठराव त्यांनी केला. ती चाल संपली. पण उघड्या डोक्याच्या बाईकडे वळून पाहण्याची नजर पुरती गेली असे म्हणवत नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीला चाई पडली, म्हणजे आई ती जागा भांग फिरवून झाकते, पाहण्याच्या कार्यक्रमाआधी दवाखाना गाठते आणि वैद्याला विचारते, महिन्याभरात येतील ना? शाळकरी मुलगा टोपी उतरवायला तयार होत नाही. या रोगात खिन्नता आणि चिंता यांचे प्रमाण अधिक असते, हे आता वैद्यकाने नोंदले आहे. ज्यांच्या घरात ती वावरली आहे, त्यांना नोंदीची वाट पाहावी लागली नाही.

उपचारांची गोष्ट सांगताना प्रथम हे सांगितले पाहिजे की, एकदोनच चाया पडलेल्या रोग्यांपैकी अर्ध्याअधिकांचे केस वर्षभराच्या आत आपोआपही उगवतात, सुरुवातीला पुष्कळदा पांढरे आणि लव असल्यासारखे. प्रत्येक गावात चाईवर रामबाण इलाज देणारा एक माणूस असतो, त्याच्या कीर्तीचा मोठा भाग या निसर्गक्रमाच्या खाती जमा आहे. तथापि जुन्या उपचारांना सरसकट धुडकावणेही न्याय्य होणार नाही. कांद्याचा रस चोळणे, गुंजेचा लेप लावणे, लसूण घासणे, यांत समान गोष्ट अशी की, त्वचेची आग होते. आणि आधुनिक त्वचारोगतज्ज्ञही विस्तृत चाईवर डायफेन्सिप्रोन नावाचे द्रव्य लावून मुद्दाम सौम्य दाह उत्पन्न करतात, म्हणजे लसिकापेशींचे लक्ष केसाच्या मुळावरून दुसरीकडे वळते, अशी त्यामागची उपपत्ती आहे. बगदाद येथे २००२ साली कांद्याच्या रसाची एक लहानशी चाचणीही झाली आणि तिचा निष्कर्ष अनुकूल होता. फरक मात्रेचा आणि देखरेखीचा आहे. जमालगोटा किंवा तेजाब लावून भाजून घेतलेल्या डोक्यावर व्रण पडतो आणि मग जिवंत असलेले मूळही खरोखरच मरते. लहान चाईसाठी त्वचेत थोडथोड्या अंतरावर स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने चार ते सहा आठवड्यांनी देणे हा आजही मुख्य उपाय आहे. टोचताना दुखते, परंतु गुण बहुधा दोन-तीन महिन्यांत दिसतो.

संपूर्ण डोके, भुवया, पापण्या गेलेल्यांसाठी मात्र दीर्घकाळ देण्याजोगे फारसे काही नव्हते. लसिकापेशींना मिळणारा रासायनिक संदेश ज्या जेनस कायनेज या विकरामार्फत पोचतो, तो विकर अडवणाऱ्या गोळ्यांनी ही स्थिती बदलली. त्यांतल्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत जून २०२२ मध्ये या रोगासाठी मान्यता मिळाली, तर १२ वर्षांवरील मुलांनाही देता येणाऱ्या रिटलेसिटिनिबला जून २०२३ मध्ये. बॅरिसिटिनिबच्या मोठ्या मात्रेने ३६ आठवड्यांत सुमारे एकतृतीयांश रोग्यांच्या डोक्यावर ८० टक्के किंवा अधिक केस आले. गोळी बंद केली की पुष्कळांचे पुन्हा जातात, आणि गोळी चालू असेपर्यंत जंतूंशी लढण्याची शक्ती उणावते. परळ-लालबाग-वरळीच्या पट्ट्यात, जेथे चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांनी आणि गिरण्यांतल्या तंतूंनी भरलेल्या हवेने क्षयाला पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला, तेथे ही बाब पुस्तकी राहत नाही. गोळी देण्यापूर्वी छातीचे चित्र काढणे आणि सुप्त क्षयाची तपासणी करणे येथे अनिवार्यच आहे. घरात पूर्वी कुणी शिवडीच्या क्षय रुग्णालयात राहून आले असेल, तर तेही वैद्याला सांगितले पाहिजे.

थायरॉइडसाठी मात्र या गोळ्यांवर मदार ठेवता येत नाही. जिची ग्रंथी मंद आहे, तिची थायरॉक्सिनची गोळी, केस परत आल्यावरही, पूर्वीप्रमाणेच चालू राहते आणि तिची मात्रा टीएसएच पाहूनच ठरते. आणि जिच्या रक्तात केवळ प्रतिपिंडे आहेत, तिला केस आले वा न आले, तरी वर्षातून एकदा तेवढेच रक्त द्यायचे असते.